चिंता आणि सांत्वन (ख्रिस्ती परंपरा)

मनाला घोर लागलेला असताना प्रार्थना, बायबलमधील वचने आणि मंडळीचा (ख्रिस्ती उपासक समुदायाचा) सहवास यांतून आधार मिळवण्याची रीत. चिंता शब्दांत मांडायची आणि ती देवाच्या हाती सोपवायची, हा या रीतीचा गाभा आहे. ‘चिंता करू नका’ एवढेच वाक्य सुटे काढून सांगितले, तर आधीच खचलेल्या माणसावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे पडते. बायबलमध्ये हे वाक्य कधी एकटे येत नाही; त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे, त्यात खरे सांत्वन आहे.

नव्या करारात चिंतेसाठी येणारा मूळ ग्रीक शब्द ‘मेरिम्ना’. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे प्रेषित पौल फिलिप्पै नगरातल्या मंडळीला, फिलिप्पैकरांस, लिहितो (४:६, म्हणजे अध्याय ४, वचन ६). पण त्याच पत्रात आपला सहकारी तीमथ्य याला लोकांविषयी मनापासून कळकळ आहे हे सांगताना त्याने याच शब्दाचे क्रियापद वापरले आहे (२:२०), आणि सर्व मंडळ्यांच्या चिंतेचा भार आपल्यावर रोज असतो, असे तो करिंथकरांना मोकळेपणी सांगतो (२ करिंथ ११:२८). म्हणजे माणसांविषयी जीव तुटणे हा दोष मानलेला नाही. जी चिंता माणूस एकट्याच्या बळावर वाहू पाहतो आणि जी त्याला आतून कुरतडते, तिच्याविषयी हे बोलणे आहे.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातले वचन (५:७) या बाबतीत सर्वांत नेमके आहे: ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ मराठीत काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. या वचनाचा सगळा अर्थ त्या फरकात सामावतो. ‘टाकणे’ यासाठीचे ग्रीक क्रियापद लूकच्या शुभवर्तमानातही आहे: शिष्यांनी शिंगराच्या पाठीवर आपली वस्त्रे टाकली, तिथे (१९:३५). आपल्या अंगावरचे काढून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे, इतकी ही कृती साधी आहे. मुळात ‘टाका’ ही स्वतंत्र आज्ञाही नाही. आधीच्या ओळीतल्या ‘देवाच्या हाताखाली लीन व्हा’ या वाक्याला ती धातुसाधिताने (‘टाकून’ अशा रूपाने) जोडलेली आहे. आपल्याला एकट्याला हे पेलत नाही, असे कबूल करणे हीच ती लीनता.

ही ओळ बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या ग्रंथातील स्तोत्र ५५:२२ वरून आलेली आहे. ते स्तोत्र पहिल्यापासून वाचावे. छाती धडधडते आहे, थरकाप सुटला आहे, कबुतरासारखे पंख असते तर उडून गेलो असतो असे वाटते आहे, जवळच्या मित्रानेच दगा दिला आहे. एवढे सगळे बोलून झाल्यावर बाविसाव्या ओळीत ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ येते. पहिल्या एकवीस ओळी गाळून शेवटाकडे उडी घेणारे वाचन फसते, त्याचे कारण हेच. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. तेराव्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. ४२ आणि ४३ मिळून ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद तीनदा येते, म्हणजे स्वतःला एकदा समजावून भागत नाही, हे स्तोत्रकारालाही ठाऊक आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनापुस्तकातून वगळले गेले नाही.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ६:२५-३४) येशू ‘चिंता करू नका’ असे तीन वेळा म्हणतो आणि ऐकणाऱ्याची नजर दुसरीकडे वळवतो: आकाशातली पाखरे, रानातली भूकमळे, आणि शेवटी आजचा दिवस. फिलिप्पैकरांच्या पत्रातही पौल तुरुंगातून लिहितो आहे. देवाची शांती तुमची अंतःकरणे व विचार ‘राखील’ (४:७) यातले क्रियापद सैनिकी पहाऱ्याचे आहे. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांना वसवलेली वसाहत होती. तिथल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर वेशीवरचा पहारेकरी सहज उभा राहिला असेल. वेशीबाहेरचा धोका नाहीसा होतो, असे मात्र ते वचन म्हणत नाही.

आचरण. चिंता वर येण्याआधीच एक-दोन लहान वचने पाठ असावीत. घाबरगुंडी उडालेली असताना अख्खा अध्याय वाचायला घेतला तर डोळे ओळींवरून फिरतात आणि मनात काही उतरत नाही. रोज साधारण १५ मिनिटे पुरतात. आधी चिंता एका वाक्यात लिहावी. ‘सगळेच बिघडले आहे’ असे मोघम न लिहिता ‘सोमवारी तपासणीचा अहवाल येणार आहे आणि मला त्याची भीती वाटते’ असे लिहावे, कारण मोघम भीती कोणाच्या हाती सोपवता येत नाही. मग सहा-सात ओळींचा उतारा सावकाश, मोठ्याने तीनदा वाचावा आणि जो शब्द अडवून धरेल तिथे थांबावे. वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमग्नता अशा या वाचनपद्धतीच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती मठसंघातल्या दुसरा गिगो या मठवासीयाने मांडल्या. त्यानंतर लिहिलेले वाक्यच देवाला उद्देशून म्हणावे, मागणे स्पष्ट मागावे, आणि ज्याबद्दल खरोखर कृतज्ञता वाटते अशा एखाद्या गोष्टीचे आभार मानावेत. ओढूनताणून मानलेले आभार मनाला पोकळ वाटतात. शेवटी, या बाबतीत आज आपल्या हातात असलेले एक काम ठरवून उठावे.

अचानक छाती भरून आली तर श्वासाबरोबरची प्रार्थना जास्त उपयोगी पडते. श्वास घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. सोडण्याचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवावा. त्याने शरीरही शांत व्हायला मदत होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही येशूची प्रार्थना गाठींच्या दोरीवर बोट सरकवत म्हणतात. रात्रीसाठी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीत ४, ९१ आणि १३४ ही तीनच स्तोत्रे नेमून दिलेली आहेत, रोज तीच. ती तोंडपाठ होतात आणि अंधारात झोप न येता पडलेल्या माणसाला दिव्याची वा पुस्तकाची गरज लागत नाही.

कुठे चुकते. सर्वांत घातक समज म्हणजे चिंता वाटणे हा अविश्वास. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू ‘माझा जीव मरणप्राय, अति खिन्न झाला आहे’ असे म्हणतो, शिष्यांना जवळ जागे राहायला सांगतो आणि तीच प्रार्थना तीनदा करतो. ज्याने ‘उद्याची चिंता करू नका’ म्हटले त्याचीच ही रात्र आहे. ‘भिऊ नको’ हे वचन बायबलमध्ये वर्षाच्या दिवसांइतके, ३६५ वेळा येते, असे हौसेने सांगितले जाते. मोजायला बसले तर ते भरत नाही. सांत्वन अशा आकड्यावर टेकवू नये, कारण आकडा खोटा ठरला की वचनावरचाही भरवसा डळमळतो.

दुसरी अडचण ओळखायला कठीण असते. प्रार्थना ‘नीट’ झाली नाही म्हणून ती पुन्हापुन्हा म्हणणे, तेच पाप परतपरत कबूल करणे, वाईट विचार पुसून टाकण्यासाठी वचन ठरावीक वेळा उच्चारणे. याने क्षणभर बरे वाटते आणि भीती दुप्पट होऊन परतते. पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने १५२२-२३ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे असाच छळ सोसला आणि जुनी पापे पुन्हा कबूल करणे थांबवल्यावरच तो त्यातून सुटला. हा मंत्रचळासारख्या आजाराचा धार्मिक प्रकार असू शकतो. अशा वेळी प्रार्थना वाढवायला सांगणे चुकीचे. एकाच जाणत्या धर्मगुरूचे मार्गदर्शन आणि मानसोपचार, दोन्ही लागतात.

चिंता बहुतेक दिवस, सहा महिने वा त्याहून जास्त टिकली, झोप आणि कामधाम बिघडले, तर डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच घटकेला. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आणि मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत एका शब्दानेही रागावत नाही. तो त्याला झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो (१ राजे १९). होरेब डोंगर आणि तिथली मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीपलीकडे येते.

चिंतेत असलेल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांसाठी, बायबलमधल्या सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र हा नमुना आहे, चांगला आणि वाईटही. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले (ईयोब २:१३), तोवर ते त्याचा आधार होते. कारणे सांगू लागले तिथे बिघडले. म्हणून आधी ऐकावे, वचन वाचू का असे विचारावे, वाचलेच तर एखादे लहान स्तोत्र वाचावे, आणि पुन्हा कधी येणार तो दिवस सांगून निघावे.