पुलित्झर आणि डिटसन: रचनेचा गौरव आणि पाठीराख्याचा गौरव

अमेरिकी संगीतक्षेत्रातील व्यक्तींच्या परिचयांत दोन सन्मानांची नावे पुष्कळदा शेजारीशेजारी येतात: संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार आणि डिटसन संचालक (म्हणजे वाद्यवृंदाचा कंडक्टर) पुरस्कार. दोन्ही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी निगडित आहेत, पहिला १९४३ पासून आणि दुसरा १९४५ पासून दिला जातो, आणि दोन्हींचा संबंध अमेरिकी रचनाकारांच्या संगीताशी आहे. एवढे साम्य असल्यामुळे वाचक ते एकाच माळेत ओवून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्यांनी मोजलेले कर्तृत्व निराळे आहे, आणि तो फरक नजरेआड झाला की नव्या संगीताचे पाठीराखे नेमके काय करतात हेच कळेनासे होते.

पुलित्झर मिळतो तो एका रचनेसाठी. त्या वर्षात अमेरिकेत जिचे पहिले सादरीकरण झाले किंवा जिचे ध्वनिमुद्रण प्रथमच प्रसिद्ध झाले, अशीच रचना विचारात घेतली जाते. परीक्षक तीन रचना सुचवतात आणि अंतिम निर्णय पुलित्झर मंडळ घेते. रचनाकाराने इतरांच्या संगीतासाठी काय केले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. डिटसन पुरस्कार मात्र वाद्यवृंदाच्या संचालकाला मिळतो आणि तोही एखाद्या गाजलेल्या मैफलीसाठी नव्हे, तर त्याने अमेरिकी संगीत सातत्याने वाजवत ठेवले म्हणून. अ‍ॅलिस डिटसन यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या निधीतर्फे तो दिला जातो. निधीचा मूळ हेतू अमेरिकी रचनाकारांना साहाय्य करण्याचा आहे. त्यातूनच संचालकाचा गौरव व्हावा, ही गोष्ट मला फार समंजसपणाची वाटते, कारण कागदावर राहिलेली सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) रचनाकाराच्या काहीच उपयोगाची नसते.

हा फरक एकाच माणसाच्या आयुष्यात लागोपाठच्या दोन वर्षांत दिसतो. रचनाकार आणि संचालक हॉवर्ड हॅन्सन यांना १९४४ चा पुलित्झर मिळाला तो वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या त्यांच्या चौथ्या सिंफनीसाठी. पुढच्याच वर्षी डिटसन संचालक पुरस्काराचे पहिले मानकरी म्हणून त्यांचीच निवड झाली, आणि या वेळी त्यांच्या स्वतःच्या रचनांचा प्रश्न नव्हता. १९२४ मध्ये रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतशाळेचे प्रमुखपद स्वीकारल्यावर त्यांनी १९२५ पासून अमेरिकी रचनाकारांच्या कृतींसाठी खास मैफली सुरू केल्या, आणि १९३१ पासून वार्षिक महोत्सव भरवला. विल्यम ग्रँट स्टिल यांच्या ‘आफ्रो-अमेरिकन सिंफनी’चे पहिले सादरीकरण १९३१ मध्ये रॉचेस्टरलाच, हॅन्सन यांच्या संचालनाखाली झाले, कृष्णवर्णीय अमेरिकी रचनाकाराच्या सिंफनीला नामवंत वाद्यवृंदाने व्यासपीठ देण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. प्रमुखपद त्यांनी १९६४ पर्यंत सांभाळले. या उपक्रमांतून ५०० हून अधिक रचनाकारांच्या २,००० हून अधिक कृती प्रथमच वाजल्या, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. त्यांतील कितीतरी कृती आज कोणी वाजवत नाही, हे खरे आहे. पण कोणती कृती टिकेल हे ती वाजल्याशिवाय कळत नाही, आणि ती वाजवून पाहण्याची जबाबदारी कोणीतरी उचलावी लागते.

रचनेसाठीच्या पुरस्कारात हे काम बहुधा अदृश्य राहते. संगीताचा पहिला पुलित्झर १९४३ मध्ये विल्यम शूमन यांच्या ‘अ फ्री साँग’ या कृतीला मिळाला. ती प्रथम सादर केली सर्ज कुसेविट्स्की यांच्या संचालनाखालील बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाने, पण विजेत्यांच्या यादीत अर्थातच नाव आहे ते शूमन यांचेच. चार्ल्स आइव्ह्ज यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांची तिसरी सिंफनी मुख्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली होती, आणि पुढे कित्येक वर्षे ती कोणी वाजवलीच नाही. लू हॅरिसन या तरुण रचनाकाराने १९४६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे तिचे संचालन केले, तेव्हा आइव्ह्ज ७१ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी याच सिंफनीला पुलित्झर मिळाला आणि आइव्ह्ज यांनी त्या रकमेतील अर्धा वाटा हॅरिसन यांना देऊन टाकला. पहिल्या सादरीकरणाची अट पूर्ण झाली ती हॅरिसन यांच्यामुळे. त्यांनी ती सिंफनी हाती घेतली नसती, तर त्या वर्षी परीक्षकांपुढे तिचे नाव येण्याचा संभवच नव्हता.

पुराव्याचे स्वरूपही यामुळे बदलते. रचनेचा निवाडा ती ऐकून करता येतो, परंतु पाठीराख्याचा निवाडा करायचा तर वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमपत्रिका उघडाव्या लागतात. त्यांत केवळ पहिली सादरीकरणे मोजली तर फसगत होते. ‘जागतिक प्रथम सादरीकरण’ या शब्दांना जाहिरातीत किंमत असते, त्यासाठी अनुदानही मिळते. दुसऱ्यांदा आणि पाचव्यांदा तीच कृती वाजवायला घेण्यात असे कोणतेच आकर्षण नसते, आणि तरीही वादकांच्या बोटांत आणि श्रोत्यांच्या कानांत ती बसते तेव्हाच. म्हणून माझ्या मते पाठीराख्याची खरी कसोटी या पुनरावृत्तीत आहे, आणि ती रचनेच्या पुरस्काराला लावता येत नाही, कारण त्याच्या नियमांतच त्या वर्षीच्या नवेपणाची अट आहे.

मात्र डिटसन पुरस्कारालाही मर्यादा आहे: तो संचालकांपुरताच आहे. १९४५ चा पुलित्झर मिळवणारी एरन कोपलँड यांची ‘अ‍ॅपलेशियन स्प्रिंग’ ही नृत्यासाठीची संगीतरचना एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांच्या मागणीवरून आणि त्यांनी दिलेल्या निधीतून लिहिली गेली होती. त्या संचालक नसल्यामुळे या चौकटीत बसल्या नसत्या. प्रकाशक, ग्रंथपाल, ध्वनिमुद्रण करणारे, छोट्या वादकसंचांचे संस्थापक हे सारेच तिच्या बाहेर राहतात. अशांसाठी ‘अमेरिकन म्युझिक सेंटर’ या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने स्वतंत्र गौरवपत्र देण्याची प्रथा ठेवली होती. हॅन्सन आणि कोपलँड दोघेही त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते.

दोहोंमधील सीमा कधीकधी पुसट होते, हेही नोंदवले पाहिजे. शूमन यांना १९८५ मध्ये पुलित्झर मंडळाने विशेष गौरव दिला, तो रचनाकार आणि शिक्षणक्षेत्रातील धुरीण म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ केलेल्या कार्यासाठी. परिचयात नुसते ‘पुलित्झर’ असे लिहिलेले असले, तर तो एका कृतीचा पुरस्कार आहे की असा विशेष गौरव, हे आधी पाहावे. आणि ‘डिटसन’ असे लिहिलेले असले, तर त्या संचालकाने कोणाकोणाच्या रचना वाजवल्या आणि त्यांतील किती पुन्हा वाजवल्या, हे शोधावे.