ब्रिटिश टेलिव्हिजनवरील समलिंगी चित्रण

ब्रिटनमधील मालिका, नाटके व इतर कार्यक्रमांत गे आणि लेस्बियन व्यक्ती कशा दाखवल्या गेल्या, त्याचा इतिहास. इंग्लंड व वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे खासगीतले समलिंगी संबंध १९६७ साली गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. त्यानंतरही छोट्या पडद्यावरचा गे पुरुष बराच काळ हसण्यापुरताच राहिला. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'मधला कपड्यांच्या दुकानातला मिस्टर हम्फ्रीज मुरडत येई आणि 'आय अ‍ॅम फ्री!' अशी साद घाली. तो गे आहे असे मालिकेत कोणी उघड म्हणत नसे. हशा मात्र त्याच समजुतीवर पिके. १९७५च्या 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' या टीव्ही-चित्रपटात जॉन हर्टने रंगवलेला, उघडपणे गे असलेला लेखक क्वेंटिन क्रिस्पही हसवतो, पण तिथे टोमणे मारणारा तो स्वतः असतो.

खरी अडचण होती संध्याकाळच्या घरगुती मालिकांची. रात्री नऊनंतर बरेच काही खपे. त्याआधी मुले टीव्हीसमोर असत. बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स'मध्ये १९८६ साली कॉलिन हे गे पात्र आले. १९८७मध्ये त्याने जोडीदाराच्या, बॅरीच्या, कपाळावर ओठ टेकवले, तेवढ्यावरून वृत्तपत्रांनी गहजब केला. दोन पुरुषांचे ओठांवरचे चुंबन या मालिकेत दिसायला १९८९ उजाडले. कॉलिन साकारणारे मायकेल कॅशमन त्याच वर्षी 'स्टोनवॉल' या हक्कसंघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाले.

मधल्या काळात 'कलम २८' ही कायद्यातली तरतूद आली. समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यास स्थानिक प्रशासनांना तिने मनाई केली. कलम लागू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, २३ मे १९८८ रोजी, काही लेस्बियन कार्यकर्त्या बीबीसीच्या सहाच्या बातम्या चालू असताना थेट स्टुडिओत घुसल्या. स्यू लॉली शांतपणे बातम्या वाचत राहिल्या आणि शेजारचे निवेदक निकोलस विचेल यांनी एकीला खाली दाबून चक्क तिच्यावर बसकण मारली. वर्षानुवर्षांच्या मालिकांनी जे सांगितले नव्हते, ते त्या काही मिनिटांत घराघरांत पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही.

१९९४ साली चॅनल ४च्या 'ब्रुकसाइड' या घरगुती मालिकेत बेथ आणि मार्गारेट यांचे चुंबन नऊच्या आत दाखवले गेले. १९९९मध्ये चॅनल ४वर रसेल टी. डेव्हिस यांची 'क्वीअर अ‍ॅज फोक' आली. मँचेस्टरच्या कॅनाल स्ट्रीट या गे बारच्या रस्त्यावरची तिची पात्रे कोणाची माफी मागत नाहीत, कोणाला शिकवतही नाहीत. एड्सचा विषय डेव्हिस यांनी तिच्यात जाणूनबुजून जवळजवळ टाळला, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. १९८०च्या दशकातल्या लंडनमध्ये त्या आजाराने एकामागून एक गेलेल्या तरुणांची गोष्ट त्यांनी २०२१ साली 'इट्स अ सिन'मध्ये सांगितली.