जनुकांचा सामाईक सातबारा

आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जात वडील हयात आहेत का, नसल्यास कितव्या वर्षी व कशाने गेले, असे रकाने असतात आणि आपण ते फारसा विचार न करता भरतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी असा अर्ज भरताना धाकट्या काकांनी मात्र एजंटाला थांबवले. "आबांना लकवा मारला, ते दुखणं माझ्या अर्जात कशाला?" एजंट नुसता हसला. काकांची शंका अडाणीपणाची नव्हती. रक्ताचा थेंबही न घेता आनुवंशिक माहिती गोळा करण्याची ही जुनीच रीत आहे. डीएनए चाचणीने तिला धार आणली, इतकेच.

मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीत डीएनएच्या सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. अशी एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते, सख्ख्या भावंडांत वारशाने आलेला सरासरी ५० टक्के डीएनए सारखा असतो आणि चुलत, आते-मामे भावंडांत साडेबारा टक्के. म्हणजे ही मिळकत मुळातच सामाईक आहे. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर पाच-सात नावे असतात आणि त्यात फेरफार करायचा तर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. (महसुली कामकाजात या फेरफाराला 'म्युटेशन' म्हणतात आणि जनुकातल्या बदलालाही तोच शब्द आहे, योगायोग, पण सोयीचा.) डीएनए चाचणीच्या संमतीपत्रावर मात्र एकाचीच सही लागते आणि भावकीला नोटीस जात नाही.

याचे परिणाम अमेरिकेत दिसले आहेत. १९७० व ८०च्या दशकांत कॅलिफोर्नियात अनेक खून व बलात्कार करणारा माणूस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला, तो त्याने स्वतः कुठे नमुना दिला म्हणून नव्हे, तर त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळ शोधण्यासाठी आपला डीएनए एका खुल्या संकेतस्थळावर ठेवला होता म्हणून. गुन्हेगार सापडला याचे दुःख कोणालाच नाही, पण तीच वाट निरपराध माणसाच्या दारापर्यंतही जाते. २०२३ मध्ये '२३अँडमी' या चाचणी कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून प्रवेश मिळवला आणि नातेवाईक शोधण्याच्या सुविधेतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. ज्यांनी आपला पासवर्ड नीट जपला होता, तेही त्यात सापडले.

माहिती फुटली तर बिघडते काय, असे विचारणाऱ्यांनी एक जुने प्रकरण पाहावे. अमेरिकेतील बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीने मनगट बधिर होण्याची तक्रार करणाऱ्या कामगारांच्या रक्ताची, त्यांना न सांगता, जनुकीय चाचणी करवली. शोधला जाणारा दोष अगदी दुर्मीळ होता आणि मनगटावर सतत ताण पाडणारे काम तर रोजचेच होते. आपल्या उद्यमनगरात दिवसभर लेथ चालवून ज्याची बोटे रात्री मुंग्या येऊन झोपू देत नाहीत, त्याला "दोष यंत्राचा नाही, तुझ्या जन्माचा आहे" असे सांगण्यासारखाच हा प्रकार. सरकारी आयोगाने खटला भरल्यावर २००२ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेत आनुवंशिक भेदभावाविरुद्ध कायदा झाला. कुटुंबातील आजारांचा इतिहासही त्यात आनुवंशिक माहिती मानला गेला आहे, म्हणजे काकांची शंका तिथे कायद्याने ऐकली. परंतु हा कायदा आरोग्यविमा व नोकरी यांपुरता आहे. आयुर्विम्याच्या अर्जातला तो रकाना काकांना तिथेही चुकला नसता.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यातून आनुवंशिक विकार सरसकट वगळणे भेदभावाचे ठरवले आणि २०१९ मध्ये विमा नियामकाने असे आजार वगळण्यास मनाई केली. नोकरीबाबत असे काही नाही. २०१९च्या विदा (डेटा) संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलून मिळत नाहीत.

सगळ्यात अवघड गुंता घरातच असतो. थोरल्या बहिणीच्या चाचणीत बीआरसीए१ या जनुकात स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बदल आढळला, आणि तो आई किंवा वडिलांकडून आलेला असला, तर धाकटीकडेही तो असण्याची शक्यता ५० टक्के असते. हे धाकटीला सांगावे तर तिने न विचारता तिच्यावर ओझे टाकल्यासारखे होते आणि न सांगावे तर वेळीच तपासणी करून घेण्याची तिची संधी जाते. जनुकीय समुपदेशक म्हणूनच चाचणीनंतर नव्हे, तर आधी बसून बोलायला सांगतात: निकाल कोणाला कळवायचा, नमुना पुढे ठेवायचा की नष्ट करायचा, आणि धाकटीला हे जाणून घ्यायचे आहे का.