आशाताईंचं ट्रेनिंग आलं कुठून?

आशाताईंच्या, म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, ट्रेनिंगबद्दल बोलताना बहुतेक जण २००५ पासून, म्हणजे एनआरएचएमपासून (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून) सुरुवात करतात, पण त्यातलं बरंचसं त्याआधीच आपल्या महाराष्ट्रात करून बघितलं होतं आणि हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आधी नर्सबाईंना गावात ठेवून बघितलं, पण बाहेरून आलेल्या नर्स काही टिकेनात, मग गावातल्याच बायका निवडल्या, त्यातल्या कितीतरी जणींना लिहितावाचता येत नव्हतं. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र राहायच्या, जेवायच्या, गावात कोण आजारी पडलं, कोण बाळंत झालं ते सांगायच्या आणि त्यावरच शिकणं व्हायचं. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि खरी ताकद त्यातच होती असं माझं ठाम मत आहे.

कारण १९७७ ला सरकारने देशभर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य रक्षक नेमला, तीन महिने ट्रेनिंग, नंतर महिन्याला ५० रुपये, आणि निवडले बहुतेक पुरुषच. बाळंतिणीच्या खोलीत ते जाणार कसे? ती योजना हळूहळू विरून गेली.

मग गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेपुढे प्रश्न होता की जिला साठपर्यंत मोजता येत नाही अशा दाईने न्यूमोनिया ओळखायचा कसा, तर त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी बनवली, बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. किती साधं आणि किती विचार करून केलेलं! पुढे त्यांच्या आरोग्यदूतांनी, म्हणजे संस्थेने शिकवलेल्या गावातल्या कार्यकर्त्यांनी, ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी होते, हे १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

आशांचं सुरुवातीचं ट्रेनिंग ठरलं २३ दिवसांचं, पाच टप्प्यांत. ट्रेनिंगचं सहावं-सातवं मॉड्यूल (भाग) नंतर आलं आणि २०११ पासून नवजात बाळांसाठी घरभेटी सुरू झाल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ताई आधी साबणाने हात धुते, मग बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतंय का ते बघते. यात गडचिरोलीचा अनुभव सरळ दिसतो.

त्यानंतर बीपी-शुगरसाठी तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरणंही आलं, त्याचं वेगळं ट्रेनिंग झालं. जामखेडसारखं दर आठवड्याला बसून एकमेकींच्या केसेसवर बोलणं मात्र या सगळ्यात राहिलंच, पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) महिन्याची मिटिंग असते पण तिचा बराच वेळ रजिस्टर आणि रिपोर्टमध्येच जातो, आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंकडे इतक्या आशा असतात की प्रत्येकीबरोबर घरभेटीला जाणं त्यांना जमत नाही.