हायड्रोमीटर की रिफ्रॅक्टोमीटर? आकडा तोच, मोजणी वेगळी

खाऱ्या पाण्याच्या टँकचा खारेपणा मोजायला दुकानात दोन साधनं मिळतात. चपट्या प्लास्टिकच्या डबीत काटा झुलतो तो हायड्रोमीटर. डोळ्याला लावून उजेडाकडे बघायची नळी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. दोन्हींवर १.०२६ ची खूण (साध्या पाण्याच्या १.०२६ पट घनता) असते, त्यामुळे कुठलंही घेतलं तरी चालेल असं वाटतं. पण हायड्रोमीटर पाण्याची घनता बघतो आणि रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो ते बघतो. म्हणूनच दोघांच्या चुकाही वेगळ्या. आपल्याला गाठायचा आहे ३५ पीपीटी, म्हणजे किलोभर खाऱ्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार; हीच ती १.०२६ ची खूण.

हायड्रोमीटरच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. डबी भरल्यावर हलकेच टिचकी मारून बुडबुडे काढा. याहून घातक असतो तो काट्यावर साचलेला पांढरा थर. त्याच्या वजनाने काटा खाली बसतो, आकडा कमी दिसतो, आपण मीठ वाढवत जातो आणि कोळंबी, तारामासे यांच्यासारखे नाजूक जीव आधी मरतात. काटा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून आरओच्या पाण्याने धुवा. तापमानाचाही फरक पडतो. २५ अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर मे महिन्यात ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ०.००१५ कमी दाखवतो, म्हणजे जवळपास २ पीपीटीची चूक.

रिफ्रॅक्टोमीटरला दोन-तीन थेंब पाणी पुरतं. काचेवर थेंब टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ वाचा. एटीसी (तापमानाची आपोआप भरपाई) लिहिलेला घेतलात तर तापमानाची काळजी बरीचशी मिटते. घेताना आतली मोजपट्टी जरूर बघा: साखरेसाठीचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर हुबेहूब असाच दिसतो.

इथे बहुतेकांची गफलत होते. साध्या पाण्यावर शून्य जुळवलं की झालं, असं समजतात. पण स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बरेचदा समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. त्यांच्यात खरं ३५ पीपीटीचं समुद्रपाणी ३६.५ दिसतं. म्हणून ३५ पीपीटीचं तयार द्रावण आणा आणि छोट्या स्क्रूने रेघ ३५ वर आणा. द्रावण मिळालं नाही तर ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि रेघ ३५ वरच जुळवा. हे मिश्रण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी, टँकसाठी अजिबात नाही. महिन्यातून एकदा तपासणी पुरे.

आमचं मत स्पष्ट आहे: रिफ्रॅक्टोमीटर आणि द्रावणाची बाटली एकत्रच घ्या. हायड्रोमीटर आधीपासून असेल तर पडताळणीला ठेवा. घरच्या आरओसाठी आणलेलं टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मोजणारं) इथे चालत नाही. समुद्रपाणी त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचं असतं.

आकडा चुकलेला निघाला तर घाई करू नका. दिवसाला ०.००१ एवढाच बदल करा. बाष्पीभवनाने पाणी आटतं, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून पातळी भरून काढायला नेहमी आरओचं गोडं पाणीच घाला.