मोकळा ब्लॉक आणि राखलेला मार्ग

रेल्वेचा गेम लिहायला घेतला की पहिला सिग्नल पटकन जमतो. पुढच्या रुळांवर गाडी असली तर लाल, नसली तर हिरवा. एकाच रुळावर दोन गाड्या सोडल्या, तर मागची वेळेवर थांबते आणि पुढची सरकली की निघते. मग पहिला सांधा येतो. एका मार्गाचे दोन होतात, दोन मार्ग एकमेकांना छेदतात आणि कालपर्यंत नीट चालणाऱ्या कोडवर गाड्या आदळायला लागतात, नाहीतर छेदावरच अडकून बसतात. याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोंधळ सापडतो. रूळ व्यापलेला असणं आणि रूळ राखलेला असणं या दोन गोष्टी एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबलेल्या असतात.

व्यापलेला म्हणजे आत्ता त्या तुकड्यावर कुठलं तरी चाक उभं आहे. राखलेला म्हणजे तो तुकडा एका ठरावीक गाडीच्या नावावर लागलाय, मग ती गाडी अजून किलोमीटरभर मागे का असेना. फाटे नसलेल्या सरळ मार्गावर दोन्ही प्रश्नांचं उत्तर जवळजवळ नेहमी सारखंच येतं, म्हणून हा फरक इतके दिवस लपून राहतो.

खऱ्या रेल्वेत या दोन गोष्टींचे उपाय वेगवेगळे जन्मले. राखण्याच्या बाजूचा उपाय म्हणजे इंटरलॉकिंग: जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल यांची सांगड घालणाऱ्या या यंत्रणेचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं. रूळ व्यापलेला आहे का हे ओळखणाऱ्या, विल्यम रॉबिन्सन यांच्या ट्रॅक सर्किटचं पेटंट १८७२ चं. रुळांतून बारीक वीजप्रवाह सोडायचा. गाडीची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत, पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा बॅटरी संपली तरी परिणाम तोच, लाल. आयर्लंडमधल्या आर्माच्या अपघातानंतर १८८९ मध्येच ब्रिटनमध्ये जो कायदा झाला, त्यात प्रवासी मार्गांसाठी ब्लॉक पद्धत (मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, एका वेळी एकच गाडी), इंटरलॉकिंग आणि अखंड ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. ब्लॉक आला म्हणून इंटरलॉकिंग आपोआप आलं, असं तेव्हाही कुणी धरलं नव्हतं.

गेममध्ये मात्र सुरुवात ब्लॉकपासूनच झाली. १९९४ च्या ट्रान्सपोर्ट टायकूनमध्ये ब्लॉक सिग्नलच होते. त्याचा मुक्त अवतार असलेल्या ओपनटीटीडीत ०.७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, पाथ सिग्नल आले. दोन्ही खांब दिसायला सारखेच, पण वागणं उलटं. ब्लॉक सिग्नल एरवी हिरवा असतो आणि पुढच्या ब्लॉकमध्ये कुणी शिरलं की लाल होतो. पाथ सिग्नल एरवी लालच असतो. गाडी येते, पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतचा मार्ग मागते, तो मिळाला तरच तिच्यापुरता हिरवा होतो. नवा खेळाडू रिकाम्या रुळावर लाल पाथ सिग्नल बघतो आणि काहीतरी बिघडलंय असं समजतो. बिघडलेलं काहीच नसतं. अजून कुणी मार्ग मागितलेला नसतो, एवढंच.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो सहा प्लॅटफॉर्मच्या स्टेशनाच्या तोंडाशी. सगळे सांधे तिथे दाटीवाटीने बसवलेले असतात आणि मध्ये सिग्नल ठेवायला जागा नसते, त्यामुळे ब्लॉकच्या हिशेबाने तो अख्खा पट्टा एकच तुकडा ठरतो. एक नंबरवरून गाडी बाहेर निघाली की सहा नंबरकडे येणारी गाडी बाहेर ताटकळते, दोघींच्या वाटा कुठेही एकमेकींना शिवत नसल्या तरी. पाथ सिग्नल बसवा, दोन्ही गाड्या एकाच वेळी सरकतात, कारण आता प्रश्न तुकड्यातल्या प्रत्येक रुळासाठी वेगळा विचारला जातो.

फॅक्टोरिओ हा गेम या दोन्हींच्या मधोमध उभा आहे आणि म्हणूनच तिथून शिकून आलेले लोक हमखास गोंधळतात. तिथे ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम कडक आहे. आतल्या वाटा एकमेकींना छेदत नसल्या तरी दुसरीला प्रवेश नाही. पण धावणारी गाडी आपल्या ब्रेकच्या अंतरातले पुढचे ब्लॉक आधीच राखून ठेवते आणि त्यांचे सिग्नल पिवळे होतात. म्हणजे आरक्षण आहे, पण ते अख्ख्या ब्लॉकचं. तिथला चेन सिग्नल म्हणजे पाथ सिग्नल नव्हे. तो गाडीच्या वाटेवरच्या पुढच्या सिग्नलकडे बघतो आणि बाहेर पडायला जागा असेल तरच आत सोडतो. छेद अडू नये याची काळजी तो घेतो, पण एकाच छेदातून दोन गाड्या शेजारून जाऊ देणं त्याच्या आवाक्यात नाही.

आता कोड लिहिणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण खरी गुंतागुंत इथे आहे. एका छेदावर दोन बाजूंनी दोन सिग्नल आहेत आणि दोन्ही फक्त 'व्यापलेला आहे का' एवढंच विचारतात. छेद रिकामा, म्हणून दोन्ही हिरवे. दोन्हीकडून ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने गाड्या येतायत. वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होत असेल, तर थांबायला ९०० मीटर लागतात. पहिली गाडी छेदात शिरली आणि दुसरीसमोरचा सिग्नल लाल झाला, तेव्हा दुसरी फक्त २०० मीटरवर आहे. सिग्नलने उत्तर खरं दिलं, पण उशिरा दिलं. व्याप्ती, म्हणजे रूळ व्यापलेला आहे का हे, कितीही अचूक मोजली तरी हा प्रसंग तिला टाळता येणार नाही, कारण टक्कर ठरून गेल्यावरच तिला तिची खबर लागते. छेद नऊशे मीटर आधीच कुणाच्या तरी नावावर लागायला हवा होता.

नावावर लावण्याची एक अट फार कडक पाळावी लागते: मार्ग मिळाला तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. मार्गात सात तुकडे असतील आणि पाचव्यावर दुसऱ्याचं नाव निघालं, तर पहिल्या चारांवर आपलं नाव ठेवून वाट बघत बसायचं नाही. तसं केलं की समोरची गाडी पाचवा धरून चौथ्यासाठी थांबते, आपण चौथा धरून पाचव्यासाठी, आणि दोघी कायमच्या उभ्या. आधी सातही तुकडे नुसते तपासा, सगळे मोकळे असतील तर त्याच दमात सगळ्यांवर नाव लिहा आणि मगच पुढच्या गाडीचा हिशेब घ्या. सगळ्या गाड्यांची तपासणी आधी आणि नोंदी नंतर, असं केलंत तर एकाच टिकमध्ये (गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) दोन गाड्यांना तोच छेद मोकळा दिसेल.

मार्ग सोडताना गाडीचं शेपूट बघायचं. इंजिन पुढे गेलं म्हणून तुकडा मोकळा होत नाही, शेवटचा डबा निघाला की होतो. इथेच दोन्ही गोष्टींची गाठ पडते: सोडायचं कधी हे व्याप्ती सांगते, द्यायचं कुणाला हे आरक्षण ठरवतं. एकच ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही. रुळावर सोडून दिलेले सुटे डबे, लाल ओलांडून पुढे घुसलेली गाडी, खेळाडूने मध्येच ठेवलेलं इंजिन, हे सगळे तुकडा व्यापतात, पण त्यांनी तो कधी मागितलेला नसतो. म्हणून मार्ग देताना दोन्ही विचारावं लागतं: कुणी उभं आहे का, आणि कुणाचं नाव लागलंय का. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या सिग्नल स्क्रिप्टमध्ये ब्लॉकची स्थिती आणि मार्ग लागलाय का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. शिवाय ब्लॉकच्या उत्तरातही तीन शक्यता आहेत: मोकळा, व्यापलेला आणि सांध्यापाशी अडलेला. ओपन रेल्स हा मुक्त सिम्युलेटर आजही त्या स्क्रिप्ट वाचतो. मला ही रचना फार समजूतदार वाटते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ती दोन्हींचा विचार करायलाच लावते.

सिग्नल कुठे रोवायचा हेही दोन्हींत वेगळं आहे. ब्लॉक सिग्नल जिथे ठेवाल तिथे तुकडा संपतो, म्हणून लांब मार्गावर ते जितके जवळ, तितक्या जास्त गाड्या बसतात. पाथ सिग्नल ठेवणं म्हणजे इथे गाडी उभी राहिली तर चालेल, असं जाहीर करणं. छेदाच्या पुढे लगेच पाथ सिग्नल ठेवलात आणि त्याच्या पुढचा मार्ग भरलेला असला, तर लांब मालगाडी त्या सिग्नलपाशी थांबेल आणि तिचे मागचे डबे छेदावर पसरलेले राहतील. प्रोग्रॅमने तुमचंच ऐकलेलं असतं. छेदानंतर अख्खी गाडी मावेल एवढी जागा सोडा आणि मग सिग्नल रोवा.

सगळीकडे पाथ सिग्नलच वापरावेत का? ओपनटीटीडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बांधणीच्या खिडकीत मुळात तेच दिसतात आणि नव्या खेळाडूसाठी ते योग्यच आहे. स्वतःचं गेम इंजिन लिहिताना मात्र मी सरळ, एकेरी दिशेच्या लांब मार्गावर ब्लॉकच ठेवेन. तिथे वाटांची निवडच नसते, हिशेब स्वस्त पडतो आणि चुकण्यासारखं फार काही उरत नाही.

एक फरक डेटा साठवताना ध्यानात ठेवा. व्याप्ती ही गाड्यांच्या जागांवरून केव्हाही पुन्हा काढता येते. तिचा वेगळा झेंडा (हो-नाहीचं व्हेरिएबल) ठेवलात, तर कधीतरी एखादी गाडी हटेल आणि झेंडा तसाच फडकत राहील. आरक्षण असं कुठूनही काढता येत नाही. ते सेव्ह फाइलमध्ये गाडीच्या क्रमांकासह लिहावंच लागतं. गाडी विकली, उलटी फिरवली किंवा तिचा मार्ग बदलला, तर जुनं नाव पुसणारं कोड त्याच फंक्शनमध्ये हवं, नाहीतर रिकाम्या रुळावर नसलेल्या गाडीचं नाव लागून राहतं आणि मागची रांग हलत नाही. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून राखलेले रूळ वेगळ्या छटेत रंगवण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा. ओपनटीटीडीतही तशी सेटिंग आहे. आणि सेव्ह केलेला खेळ उघडताना पहिल्या टिकच्या आधी प्रत्येक राखीव तुकड्याचा मालक अजून रुळावर आहे का ते तपासा, नसेल तर तिथलं नाव पुसून टाका.