पॉवर फॅक्टरचा घोळ: प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग आणि आपला मराठवाडा

२०२४ ला पॅरिसात कोल्हापूरकडच्या पोरानं ५० मीटर रायफलमधे ब्राँझ काढलं आणि तेव्हापासून आपल्याकडं शूटिंग म्हणलं की लोकांना जाड जॅकेट, एका जागी उभं राहणं आणि १० मीटरची एअर रेंज एवढंच आठवतं. त्याच सालच्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, बीडच्या शस्त्रपरवान्यांवरून राज्यभर गदारोळ उठला, परवाने रद्द करायची मोहीम निघाली, त्यामुळं पिस्तूल म्हणलं की दुसरं आठवतं ते हे. या दोन्हींच्या मधे प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग नावाचा एक खेळ आहे ज्यात पिस्तूल घेऊन पळायचं, आडोशामागून मारायचं, पळता पळता मॅगझिन बदलायचं आणि हे सगळं टायमरवर, त्याची माहिती मात्र मराठीत जवळपास नाहीच. व्हिडिओ सगळे बघतात पण तो असा का झाला, आणि आपल्याकडं का आला नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात, बिग बेअर नावाच्या डोंगरी गावात. काउबॉय सिनेमांचं वेड होतं, कमरेचं पिस्तूल काढून झटक्यात कोण मारतो यावर पैजा लागायच्या, आणि त्यातला एक डेप्युटी शेरीफ कमरेवरून मारायच्या ऐवजी पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यासमोर आणून मारायला लागला. बाकीच्यांपेक्षा सेकंदाचा काही भाग उशीर व्हायचा पण याचं लागायचं आणि त्यांचं चुकायचं. तिथून दोन हातांची पकड सगळीकडं गेली. पुढं १९७५ ला झुरिकमधे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि १९७६ ला मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात परिषद भरून जागतिक संघटना उभी राहिली. म्हणजे जागतिक स्पर्धा आधी आणि संघटना नंतर, आपल्याकडच्या गणेश मंडळांसारखं. ब्रीदवाक्य ठरलं तीन लॅटिन शब्दांचं: अचूकता, ताकद, वेग.

यातली अचूकता आणि वेग यांचं लग्न फार छान लावलंय. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, याला हिट फॅक्टर म्हणतात. टार्गेटवर मधला भाग ए, त्याच्या बाहेर सी, मग डी, आणि ए ला ५ गुण. समजा २४ गोळ्यांचा स्टेज, म्हणजे स्पर्धेतला एक टप्पा आहे, १२० पैकी ११२ गुण २० सेकंदात काढले तर ५.६ आला. दुसऱ्यानं घाई करून १०० च गुण काढले पण १७ सेकंदात, तर त्याचा ५.८८, तो पुढं. पण घाईत एक जरी गोळी टार्गेटबाहेर गेली तर तिचे ५ तर गेलेच वर उणे १०, म्हणजे पंधराचा फटका. त्यामुळं जो फक्त वेगानं मारतो तो हरतो आणि जो फक्त नेम धरत बसतो तोही हरतो. जे लोक हा खेळ खेळून आलेत ते सगळे हेच सांगतात की गोळी मारायला वेळ लागतच नाही, वेळ जातो तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना, मॅगझिन शोधताना, आणि "आता कुठलं टार्गेट राहिलं" हा विचार करताना. म्हणून स्टेज सुरू व्हायच्या आधी सगळे हातात काही नसताना बोट पुढं करून पुटपुटत फिरतात, कुठं किती मारायच्या, कुठं मॅगझिन टाकायचं हे पाठ करतात. बघणाऱ्याला येडी लोकं वाटतात.

आता घोळ आहे तो मधल्या शब्दात. ताकद.

ज्यांनी हा खेळ मांडला त्यांचं म्हणणं असं की हलक्या काडतुसाला झटका कमी, मग त्याचा माणूस पटापट मारणार आणि जड पिस्तूलवाला उगं मार खाणार, तेव्हा ताकदीला किंमत पाहिजे. म्हणून पॉवर फॅक्टर आला. गोळीचं वजन ग्रेनमधे (हे वजनाचं बारीक माप), गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. १२५ च्या वर गेलं की मायनर आणि त्याच्याही बऱ्याच वर गेलं की मेजर. मेजरची सुरुवातीची रेष पॉइंट फोर फाइव्ह इंचाची जाड गोळी मारणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून मारली होती, कारण २३० ग्रेनची गोळी ८३० फुटांनी गेली की १९० येतात, त्यांना आरामात बसायचं. मेजरवाल्याला सी चे ४ आणि डी चे २ गुण, मायनरवाल्याला ३ आणि १. ए ला दोघांना सारखेच. वाचायला किरकोळ वाटतं पण हिशोब लावून बघा: १६ ए आणि ८ सी मारले तर मेजरला ११२, मायनरला १०४. मेजरवाला २० सेकंदात संपवतो, तर मायनरवाल्याला त्याची बरोबरी करायला साधारण १८.६ सेकंदात उरकावं लागतं. भोकं तीच, जागा त्याच, आणि दीड सेकंद जवळपास फुकट गेले.

लोकांनी मग वाटा काढल्याच. पॉइंट थर्टी एट सुपर नावाचं बारीक काडतूस घ्यायचं, त्यात दारू ठासून भरायची आणि मेजरची रेष ओलांडायची, मॅगझिनमधे गोळ्याही जास्त बसतात. त्यात चेंबरमधे, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीत, जिथं आधार नसतो तिथं काडतुसाचं पितळ फाटून वायू आणि तुकडे मारणाऱ्याच्या तोंडावर यायचे, अमेरिकेत याला 'सुपर फेस' असं नावच पडलं होतं. खेळात एखादा नियम माणसाचं तोंड भाजायला लावत असेल तर तो नियम बघायला नको का, पण नियम राहिला, फक्त आकडा हळूहळू खाली आला. आज ओपन गटात (पिस्तुलात हवे ते बदल चालतात) मेजर १६० ला आणि स्टँडर्ड गटात (बदल मोजकेच) १७० ला, आणि स्टँडर्डमधे मेजरसाठी गोळी पॉइंट फोर झिरोच्या खाली चालत नाही. बाजू घेऊन सांगायचं तर मला हे ४५ वाल्यांचं स्वतःसाठी ठेवलेलं आरक्षण वाटतं. समोरची बाजूही खरी आहे की नियम नसता तर सगळे पॉइंट टू टू घेऊनच आले असते.

मोजायचं कसं हाही गमतीचा भाग. सुरुवातीला लोंबकळता पेंड्युलम असायचा, गोळी त्यावर मारायची आणि तो किती हलला ते बघायचं. आता क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. स्पर्धेत तुमच्याच बॅगेतून किमान आठ राउंड म्हणजे काडतुसं उचलतात, एकाची गोळी हातोड्यानं ठोकून सुटी करून काट्यावर ठेवतात, तीन क्रोनोग्राफवरून मारतात, बाकीचे वेळ पडली तर. मेजर सांगितलं आणि मायनर निघालं तर सगळ्या मॅचचे गुण मायनरनं लागतात. १२५ च्या पण खाली गेलं तर खेळा हवं तर, गुण शून्य.

१९९० ला ॲडलेडची जागतिक स्पर्धा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) लावलेल्या पिस्तुलानं जिंकली गेली आणि मग पुढं नळीच्या टोकाला झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर, मॅगझिन घालायची फनेलसारखी तोंडं, असली पिस्तुलं आली की जी कमरेला लावून कुणी बाजारात जाणार नाही. जुनी मंडळी चिडली, त्यातल्या काहींनी १९९६ ला वेगळी चूल मांडली. राहिलेल्यांनी गट पाडले, आणि त्यातला प्रॉडक्शन गट सगळ्यात शहाणपणाचा म्हणायचा कारण तिथं कंपनीतून निघालेलं पिस्तूल आणि सगळ्यांना मायनरच. तिथं ताकदीचा वाद मिटला, पण १२५ ची खालची रेष तशीच आहे. आणि आपली गाडी तिथंच अडते.

आपल्याकडचा इतिहास वेगळा. मराठवाडा निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हत्यार म्हणजे रझाकारांच्या हातातलं आणि त्यांच्याविरुद्ध सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या लोकांच्या हातातलं. खेळ वगैरे डोक्यातही नव्हतं. नंतर १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले, त्यात फौजेची ९ मिलिमीटर गोळी ज्यात बसेल ते पिस्तूल प्रतिबंधित बोअरमधे गेलं. त्याचा परवाना कलेक्टर देऊ शकत नाही, केंद्राकडं जावं लागतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून पिस्तूल मागवणं बंद, नामांकित खेळाडूंना तेवढी सूट. मग साध्या परवानाधारकाच्या हातात काय उरलं, तर मुख्यतः सरकारी कारखान्याचं पॉइंट थर्टी टू.

आता त्याचा पॉवर फॅक्टर काढा. ७१ ग्रेनची गोळी, ९०० फुटाच्या आसपास वेग, म्हणजे साधारण ६४. मायनरच्या रेषेच्या अर्ध्यावर. शिवाय या खेळात गोळीचा व्यास कमीत कमी ९ मिलिमीटर पाहिजे, तिथं पण नापास. उलट ९ मिलिमीटरची १२४ ग्रेनची गोळी १०२० फुटांनी गेली की १२६, नेमकी रेषेवर, म्हणजे तिथली रेष ज्या काडतुसाला बसते तेच इथं बंद. आणि लांबच्या स्टेजला ३२ पर्यंत राउंड लागतात, थर्टी टू च्या मॅगझिनमधे बसतात सात-आठ. दुसऱ्या देशात ठरलेला आकडा आणि आपल्याकडचा १९६२ चा नियम, दोघांनी एकमेकांना न ओळखता दार दोन्हीकडून लावलं.

२०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनची दोन हत्यारं झाली, आणि लग्नात-वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. हे दुसरं आपल्याकडं फार आधी व्हायला पाहिजे होतं. या खेळात असला माणूस पहिल्या मिनिटाला बाहेर जातो, कारण पळताना बोट ट्रिगर गार्डच्या आत दिसलं, नळी ठरल्या कोनाच्या पलीकडं वळली, पिस्तूल हातातून पडलं, काहीही झालं तरी डिसक्वालिफाय, नावाजलेला असो की नवखा, वाद नाही, घरी. स्टेज संपला की रिकामं करून अधिकाऱ्याला चेंबर दाखवायचं, खाली रोखून ट्रिगर ओढून खात्री करायची, मगच होल्स्टर. इंग्रजीत ठरलेल्या शब्दांतच हुकूम देतात, जगभर तेच, म्हणजे जपानी माणूस ब्राझीलमधे गेला तरी अडत नाही.

जपानवरून आठवलं, जिथं खरं पिस्तूल मिळतच नाही तिथल्या लोकांनी गॅसवर चालणाऱ्या ६ मिलिमीटर प्लॅस्टिक गोळीच्या पिस्तुलावर हाच खेळ बसवला, तीच टार्गेटं, तोच हिट फॅक्टर, तेच डिसक्वालिफिकेशन. पॉवर फॅक्टर मोजायचा प्रश्नच नाही, सगळ्यांना मायनर. २०१८ ला हाँगकाँगला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ताकद काढून टाकली तरी खेळ उभा राहतो हे तिथं सिद्ध झालं, निदान माझ्या मते तरी.

आपल्याकडं अजून एक अडचण जागेची. जालना, हिंगोलीला राखीव दलाचे कॅम्प आहेत, पण चांदमारी असते ती समोर एक मातीचा बांध घालून, सगळ्यांनी एका रेषेत पडून मारायची. या खेळाला तिन्ही बाजूंनी बांध लागतो कारण माणूस पुढं सरकतो आणि डावी-उजवीकडंही मारतो. तसे खड्डे खडी काढून सोडलेल्या खाणींमुळं जागोजागी पडलेत, जिल्ह्याजिल्ह्यात. पण रेंजचा परवाना मागायला जो जाईल त्याच्याकडं सध्याच्या वातावरणात साहेब कुठल्या नजरेनं बघतील ते वेगळं सांगायला नको.